शाळेच्या अंगणातलं गाव

आमचं घर तलावाच्या पाळीखाली होतं आणि शाळा आमच्या घराच्याही खाली. पाळीवर उभं राहिलं की आधी आमची कौलं दिसायची, मग शाळेची, आणि मग धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, थेट नाल्यापर्यंत. पाणी वर आणि माणसं खाली. यात काही वावगं आहे असं गावात कोणाला वाटत नसे. मी तर त्या पाण्याच्या आवाजावरच मोठा झालो. तलावातून शेताला पाणी सोडायची जी दगडी जागा असते तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. पाऊस सरल्यावर तुडुमातून पाणी सुटलं की आमच्या घराच्या मागच्या भिंतीतून ते ऐकू यायचं. भात शिजत असो, माय उखळात धान कांडत असो, त्या सगळ्याच्या खाली तो आवाज चालूच. मायला तो आवडत नसे. म्हणायची, "भिंतीच्या मांगं बसून कोणी दात खाऊन राहिलं असं वाटते." बाप हसायचा. म्हणायचा, "आवाज येते तोवर बरं हाये. बंद झाला का मंग भे."

बाप ढिवर होता. तलावात मासे धरायचा, आणि गावाच्या शेताला पाणी सोडायचं कामही त्याच्याच हातात होतं. तुडुमाला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं असतात आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटा ठोकलेला असतो. वरचे खुंटे कोणीही ओढील. पण सगळ्यात खालचा काढायचा तर भरल्या तलावात बुडी मारून तळाशी जावं लागतं, आणि ते गावात एकट्या माझ्या बापाला जमायचं. पाण्याचा जोर असताना तो काढला तर परत बसत नाही, आणि त्याचं पाणी शेतात न जाता थेट नाल्यात जातं. म्हणून खालच्या खुंट्याला हात लावायचा नाही असा नियम होता. दुसरा नियम असा की पाळीच्या मागच्या अंगाला, तुडुमाजवळ, माती खणायची नाही. तिथली माती जुन्या लोकांनी पाण्यात भिजवून, बैलांच्या आणि माणसांच्या पायाखाली तुडवून बसवलेली होती. तिच्यात खडा नाही, वाळूचा कण नाही. हातात घेतली तर लोण्यासारखी. बापानं मला ती एकदा दाखवली होती आणि लगेच परत थापून ठेवली होती. दाखवली नसती तर बरं झालं असतं.

घरात जाडा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि विस्तवावर भाजलेली सुकी मासळी. सकाळी आंबील. मासळीचा वास माझ्या पाटीच्या पिशवीला लागायचा आणि पाटलाचा पोरगा वर्गात नाकाला हात लावायचा. फुलवंता माझ्या शेजारी बसायची. तिचं घर आमच्यासारखंच ढिवराचं, म्हणून तिला वास यायचा नाही. पुढे तीच माझी बायको झाली. तिला जाऊन आता आठ महिने झाले. सून ताट आणून देते, चांगलं असतं, मी खातो. पण मासळी विस्तवावर टाकली की आधी कोणती उलटायची हे त्या पोरीला कळत नाही आणि मी सांगत नाही. सांगायला ती माझी फुलवंता नाही.

शाळा दोन खोल्यांची. चौथीपर्यंत. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. आधीचे मास्तर खुर्चीवर झोपायचे, त्यामुळे शाळा शांत होती आणि गाव खूश होतं. ते गेले आणि नवीन गुरुजी आले, नागपूरच्याही पलीकडचे. पोरगेलेसे, चष्मा लावायचे, आम्हाला "बाळांनो" म्हणायचे. आम्हाला कोणी बाळ म्हटलेलं नव्हतं. आम्ही आपसात एकमेकांना "काय बे बाळ" म्हणून हसायचो. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकात आहे ते अर्धंच आहे, बाकीचं अर्धं तुमच्या घरात आहे. म्हणून दर शनिवारी एका घरातलं कोणीतरी शाळेत येऊन मुलांना आपलं काम शिकवायचं. पहिल्या शनिवारी कोणीच आलं नाही. दुसऱ्या शनिवारी गुरुजी स्वतः आमच्या घरी आले, ओसरीवर बसले, मायनं दिलेली आंबील प्यायले आणि तोंड वाकडं न करता आणखी मागितली. माय त्यातच विरघळली. तिनं बापाला ढकललं. बापानं येऊन आम्हाला जाळ्याची गाठ शिकवली. बत्तीस पोरं, आणि बाप सगळ्यांच्या हातात हात घालून, "अशी नाही पोरी, बोटाखालून घे," असं सांगत फिरला. मी मान खाली घालून बसलो होतो, पण आतून फुगलो होतो. त्याच्या नंतर रांगच लागली. भागरथा म्हातारीनं सिंदीच्या पानाची चटई विणून दाखवली. सुतारानं तिफणीचा दांडा तासून दाखवला आणि शाळेत ढलप्यांचा ढीग केला. पाटलाची बायको स्वतः आली नाही, पण तिनं गड्याकडून पोरांसाठी टोपलीभर मुरमुरे पाठवले. गाव शाळेत येऊ लागलं. असं आमच्या गावात आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

मग गुरुजींनी ते गाव काढलं. शाळेच्या अंगणात मातीचं आपलं गाव करायचं. तलाव, पाळ, तुडुम, बांध्या, नाला, आणि प्रत्येक घर त्या त्या घरच्या माणसांनी येऊन करायचं. माती लागणार होती पुष्कळ. गुरुजींनी दोघांना काम दिलं, मला आणि फुलवंताला, कारण आमची घरं जवळ. म्हणाले, "नाल्यातून आणा, कुंभार आणतात तिथून."

आम्ही पहिल्या दिवशी नाल्यातूनच आणली. लांब होतं आणि टोपली डोक्यावर घेतली की मान मोडायची. माती आणली तर तिच्यात वाळू, भिंत उभी केली की तडकायची. पाटलाचा पोरगा म्हणाला, "ढिवराची माती बी ढिवरासारखीच, टिकत नाही." पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मी फुलवंताला घेऊन पाळीच्या मागे गेलो. तुडुमाच्या दगडांपासून हातभर अंतरावर बेशरमीची झुडपं होती. त्यांच्या आड बसून मी खुरप्यानं खणायला लागलो.

फुलवंता म्हणाली, "काहून रे, तुह्या बापानं नाही म्हटलं ना?"

मी म्हणालो, "एवढीशी घेतो. बाकी पाळ पाहा ना केवढी हाये."

"मंग गुरुजीले काय सांगशीन?"

"नाल्याची हाये म्हणीन. तू बी तेच म्हण."

ती टोपली धरून उभी राहिली. एवढीशी म्हणता म्हणता किती दिवस मी तिथून माती आणली हे मला आज सांगता येणार नाही. ज्यांना ती माती मिळाली ते आणखी मागू लागले. भिंती गुळगुळीत, छपराची कौलंसुद्धा बोटानं उठायची. गावभर नाव झालं की डोमा ढिवराच्या पोराला चांगल्या मातीची जागा माहीत आहे. मी वरून न खणता आत आत खणत गेलो, म्हणजे वरून दिसू नये. बीळच झालं ते. शेवटी शेवटी मी खांद्यापर्यंत आत शिरायचो आणि समोर हाताला गार लागायचं. एकदा आतून खेकड्यानं बोट धरलं. मी ओरडलो आणि फुलवंता इतकी हसली की खाली बसली. खेकडा तिथं कुठून आला याचा मी विचार केला नाही. आता करतो. खेकडा पाण्याकडून येतो.

अंगणातलं गाव मात्र असं झालं की बघत राहावं. बाया शेतातून परतताना डोक्यावरचा भारा बाजूला ठेवून आपलं घर नीट करायला बसायच्या. भागरथा म्हातारीनं आपल्या दारात कोंबड्या झाकायची टोपली केली आणि खाली चिंचोक्याएवढी कोंबडी बसवली. माझ्या मायनं चूल केली, चुलीवर मडकं केलं, मडक्यात खरे दोन दाणे तांदळाचे टाकले. शेजारच्या घराची भिंत पाटलाच्या माडीपेक्षा बोटभर उंच झाली म्हणून पाटलाच्या गड्याचं आणि शेजाऱ्याचं खरोखरीचं भांडण झालं, आणि गुरुजींना पट्टीनं मोजून तोडगा काढावा लागला. बापानं तुडुम केला. नाल्यातले बारके दगड रचून, काडीचे खुंटे करून. ते काम तो लेकराला आंघोळ घालावी तसा करत होता.

मुलीच्या लेकीच्या शाळेत आता आजी-आजोबांना बोलावतात. पवनीला. मागच्या वर्षी फुलवंता गेली होती, पोरांना कापणीनंतर शेतात पडलेला सरवा कसा वेचतात ते सांगून आली. यंदा मला बोलावलं. चिकणमातीचे बैल करायचे होते. मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे दुखत नव्हते.

पावसाळा सरत आला होता. तलाव तोंडापर्यंत भरला होता आणि धान पोटरीवर आलं होतं, म्हणजे लोंबी अजून आत, बाहेर यायच्या बेतात. याच वेळी शेवटचं पाणी लागतं. अशा एका शनिवारी सकाळी गुरुजींनी सगळ्यांना बोलावलं. आता आपल्या तलावात पाणी भरायचं. सारं गाव अंगणात उकिडवं बसलं. पाटील खुर्चीवर. गुरुजींनी कळशीनं मातीच्या तलावात पाणी ओतलं. बापानं वरची काडी काढली आणि पाण्याची बारीक धार खालच्या बांध्यांत गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायांनी तोंडाला पदर लावला. पाटील म्हणाले, "अजून भरा ना गुरुजी. आपला तलाव काय असा अर्धा रायते?"

गुरुजींनी काठोकाठ भरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग छोट्या तुडुमाच्या बाजूला पाळ काळी पडली. ओल दिसली, मग एक थेंब, मग टाचणीएवढं भोक. आणि मग पाळीचा तो तुकडा आतल्या आत बसला. पाणी आधी आमच्या घरावर आलं, मग शाळेवर. मायची चूल वाहून गेली. बांध्या चिखल झाल्या. पोरं नाचायला लागली. सगळे हसले. पाटील मांडीवर हात मारून म्हणाले, "डोमा, तुह्या तुडुमानं गाव बुडवलं ना रे!"

बाप हसला नाही. तो वाकला, फुटलेल्या पाळीतला मातीचा गोळा उचलला, दोन बोटांत चोळला. नाकाशी नेला. मग म्हणाला, "गुरुजी, हे माती कुठची जी?"

"नाल्याची," गुरुजी म्हणाले. "तुमचाच मुलगा आणतो."

"नाल्याच्या मातीत वाळू रायते," बाप म्हणाला. एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठला आणि पाळीकडे चालू लागला. मागे लोक हसतच होते.

मी त्याच्या आधी पळत गेलो असतो तर काय केलं असतं मला माहीत नाही. गेलो नाही. बिळाच्या तोंडात मी आदल्याच दिवशी दगड आणि बेशरमीच्या फांद्या कोंबून ठेवल्या होत्या, दिसू नये म्हणून. बापाला ते दिसलं. त्यातून पाणी झिरपत होतं हेही दिसलं. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा त्यानं ताटात हात घातला नाही.

"पाळीमागं कोणं तरी खणलं," तो म्हणाला. "आत किती गेलं ते समजून नाही राहिलं. हात घालतो तं माती खाली येते." मग म्हणाला, "दया, तुले माहीत हाये का?"

मी वरणात भात कालवत होतो. म्हणालो, "नाही माहीत बा."

माय चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत चुलीकडे वळली. बापानं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी विचारलं असतं तर मी कदाचित सांगितलं असतं. ही सबब आहे हे मला कळतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. झिरप निवळ असती तर बाप घाबरला नसता. "निवळ पाणी आलं तं तलावाले घाम आला समजाचं," तो मायला सांगत होता, "पण हे गढूळ हाये. गढूळ म्हंजे आतली माती निघून राहिली." बोटाएवढी धार होती ती मनगटाएवढी झाली. बापानं बाहेरून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि माती कोंबली. बाहेरून कोंबलेलं आतलं पाणी ढकलून देतं. सकाळी कोंबायचा, दुपारी ते बाहेर पडलेलं असायचं. त्यानं पाटलाला आणून दाखवलं. शाळेच्याच ओसरीवर बैठक झाली, कारण बाप म्हणाला होता की फुटलं तर आमच्या घरामागोमाग हेच जाईल.

"तलाव अर्धा सोडा जी," बाप म्हणाला. "अर्धा झाला का जोर कमी होईन."

"अन् धान?" पाटील म्हणाले. "पोटरीवर आलेलं धान कायच्यावर पिकवाचं? तुह्या मुतावर?"

लोक हसले. एक जण म्हणाला, "पोट्ट्याईचं खेळणं फुटलं अन् ह्याच्या पोटात गोळा आला."

"दरसाल झिरपते पाळ," पाटील म्हणाले. "माह्या आज्यापासून झिरपते."

"गढूळ नव्हती झिरपत जी."

"आठ दिवस थांब डोमा," पाटील म्हणाले. तसा वाईट माणूस नव्हता तो. "एवढं पाणी शेतात जाऊ दे. मंग तुह्या मनासारखं करू."

गुरुजी एका बाजूला उभे होते. त्यांनी तोंड उघडलं तसं पाटील म्हणाले, "तुमी नोको बोलू गुरुजी. तुमच्याच खेळानं झालं हे."

गुरुजींनी शाळा देवळाजवळच्या आंब्याखाली भरवायला सुरुवात केली. दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी बायाच आल्या. "चांगली शाळा सोडून पोट्टे उन्हात कायले बसवता?" भागरथा म्हातारीसुद्धा म्हणाली. गुरुजींनी पोरं परत आत नेली. मी दाराजवळ बसलो. गुरुजी पाढे म्हणायला सांगत आणि आम्ही म्हणत होतो, पण मी ऐकत होतो तो मागचा आवाज. आधी तो तुडुमाचा एकच आवाज असायचा. आता दोन होते. एक रोजचा, आणि त्याच्या बाजूला दुसरा, खालचा, घशातून आल्यासारखा. फुलवंताही तोच ऐकत होती. पाढा चुकला तरी तिचं लक्ष नव्हतं. तिनं पाटीवर काही लिहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिली. दिवसभर. मी तिला सुटीत म्हणालो, "सांगजो नको." ती म्हणाली, "मी कायले सांगीन?"

लग्न झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं होतं की तेव्हा तू गप्प काहून राहिली. भाजी निवडत होती. म्हणाली, "तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिली होती." मग तिनं मला विचारलं नाही की तू काहून नाही सांगितलं. तिनं कधीच विचारलं नाही. ती होती तोवर ही गोष्ट दोघांत होती. आता एकट्यात आहे, आणि एकट्यात ती मोठी होत चालली आहे, म्हणून लिहितो.

बैठकीनंतर पाचव्या दिवशी दुपारी, शाळा भरलेली असताना, दुसरा आवाज थांबला. पहिला चालू होता. दुसरा नाही. मी उठून उभा राहिलो. गुरुजी म्हणाले, "काय झालं बाळ?" मी पाळीकडे बघत राहिलो. बाप पाळीवरच होता, त्यालाही ते कळलं. आत कुठंतरी माती बसली होती आणि पाणी तिच्या मागे साठत होतं. बापानं कोणाला विचारलं नाही. कपडे काढले, तुडुमाच्या दगडावरून तलावात उडी मारली. बराच वेळ वर आला नाही. मग एकदम पलीकडे नाल्यात असा आवाज झाला की वर्गातली पोरं किंचाळली. खालचा खुंटा निघाला होता.

पाणी दोन दिवस वाहिलं. परत बंद करता येत नव्हतं, ते सगळ्यांनाच माहीत होतं. गाव पाळीवर उभं होतं. एकानं ढेकूळ मारलं, ते बापाच्या पाठीला लागलं. बाप दगडावर ओल्या अंगानं बसून होता. पाटील आले, काही वेळ वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "पोटरीतलं लेकरू मारलं तू डोमा." पाळ फुटली नाही. शाळा जागेवर राहिली, बत्तीस पोरं जागेवर राहिली, घरं राहिली. आणि फुटली नाही म्हणूनच कोणी मानलं नाही की ती फुटणार होती. खालच्या बांध्यांतलं धान पोचट निघालं. लोंब्या उभ्या होत्या, पण हातात घेतल्या की हलक्या. बाया त्या हलक्या लोंब्या घेऊन आमच्या दारावरून जायच्या आणि मुद्दाम थांबायच्या. माय बाहेर येईना झाली. तुडुमाचं काम बापाकडून गेलं. बाजारात त्याची मासळी गावातलं कोणी घेईना, म्हणून तो आसगावपर्यंत कावड घेऊन पायी जायचा. त्याला "पाणीफेक्या" नाव पडलं. मेला तेव्हाही तिरडी उचलताना एक जण म्हणाला, पाणीफेक्या गेला.

शाळेच्या अंगणातलं गाव कोणीच दुरुस्त केलं नाही. काही दिवस तो चिखल तसाच होता, मग त्याच्यावर गवत आलं. शनिवारी कोणी येईना. आपल्या पोरांजवळ डोमाचं पोरगं बसवू नका असं दोन-तीन घरांनी सांगितलं आणि गुरुजींनी ते ऐकलं नाही. मग त्यांनीच बदली मागितली की त्यांची केली, ते मला माहीत नाही. जाताना घरी आले. बापाच्या पाया पडायला वाकले तर बाप मागे सरला. "मी अंगणात हे काढायला नको होतं," गुरुजी म्हणाले. बाप म्हणाला, "तुमची चूक नाही जी. तुमी नाल्याचीच सांगतली होती." मी दाराआड होतो. त्या वाक्यावरून मला समजायला हवं होतं. चौथी झाली आणि मी शाळा सोडली. सगळे म्हणाले, गरिबीमुळे. मी पण तेच म्हणत आलो.

उन्हाळ्यात तलाव आटला. दरवर्षी पाळीच्या डागडुजीला प्रत्येक घरातून एक माणूस यायचा, अशी रीत होती. त्या वर्षी डोमाजवळ कोणी उभं राहायला तयार नव्हतं. गावानं पाळीचं दुसरं टोक घेतलं आणि तुडुमाजवळचं टोक आमच्यावर सोडलं. बाप, माय आणि मी. सूर्य उगवायच्या वेळी गेलो. बापानं बेशरमी तोडली, दगड काढले, फांद्या काढल्या. बिळाचं तोंड उघडं पडलं. मायला त्यानं पलीकडे, तलावाच्या कोरड्या बुडात, तुडुमाच्या दगडांजवळ उभं केलं. मग एक लांब बांबू घेतला आणि बिळात सरकवला. मला वाटलं अडेल. अडला नाही. बाप ढकलत राहिला, सारा बांबू आत गेला, मुठीएवढाच हातात उरला.

पलीकडून मायचा आवाज आला, "आला वो! इकडं आला बांबू! आरपार निघाला!"

बापानं बांबू मागे ओढून काढला. माय पाळ चढून वर आली. धापा टाकत होती, रडतही होती आणि हसतही होती. "पाहा म्हणा आता त्याईले," ती म्हणाली. "बलाव पाटलाले. साऱ्याईले बलाव. आरपार हाये, कोणाच्याबी डोळ्याले दिसते. बलावू का? मी जातो बलावाले." पाळीच्या दुसऱ्या टोकाला माणसं दिसत होती. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"थांब," बाप म्हणाला.

तो बिळाशी आडवा झाला आणि आत माती भरण्यासाठी हात घालायला गेला. त्याचा खांदा शिरेना. कूस बदलून पाहिलं, दुसरा हात घालून पाहिला. दंडापर्यंत जायचा आणि अडकायचा. तो उठला. बिळाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "दया, तू जा आत."

मी आडवा झालो. आधी हात, मग डोकं, मग खांदे. कुठंच खरचटलं नाही, कुठंच अडकलं नाही. माझ्या मापाचंच होतं ते. आतून, काखेखालून मागे पाहिलं तर मला मायचे पाय दिसत होते, आणि ते पाय हलायचे थांबले होते.

मग माय अगदी हळू म्हणाली, "मंग पाटलाले?"

"नको," बाप म्हणाला.

"सारा जनम नाव ठेवतीन तुले."

"ठेवू दे." मग त्यानं मळलेल्या मातीचा गोळा माझ्या पायाजवळून आत सरकवला. "दया, माती घे. खालून सुरू कर. दाबून भर."

मी दाबून भरली.